वेगळी रास

खुर्चीत बसण्याआधी ते गादीवर तळहात ठेवून बघायचे. गादी जराशी कोमट लागली की मान न वळवता विचारायचे, "कोन बसला होता?"

शहापूरजवळच्या एका गोदाम कंपनीत ते सर्व्हर रूम सांभाळत. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी त्यांच्या हाताखाली, प्रोबेशनवर. असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पाहिला असेल: स्वतःला येतं ते कोणाला शिकवायचं नाही, आणि समोरच्याला येत नाही म्हणून वर त्यालाच झापायचं. मला ते आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

"भाऊ, हे कसं केलंत?" विचारलं की म्हणायचे, "बघून शीक. आमाला कोनी शिकवलं नाय." बघायला मागे उभं राहावं तर, "मागं उभी राऊ नको गो, काम करू दे."

आमच्याकडे चार सर्व्हर मिळून एक क्लस्टर होता. त्यांच्या पोटात तीसेक आभासी मशीन चालायची, कुठलं गेटच्या पावत्यांचं, कुठलं हजेरीचं. कोणतं मशीन कुठल्या सर्व्हरवर चालवायचं हे क्लस्टर स्वतःच ठरवतो. मशीनचे गट करून मेमरीचे वाटे पाडायचे असतील तर रिसोर्स पूल करतात. आमच्याकडे एकही पूल नव्हता, कधी गरजच पडली नव्हती.

एका शनिवारी सकाळी स्क्रीन उघडली तर यादीत एक पूल. नाव सर्व्हरच्या नावावरून आपोआप पडलेलं, आणि आत गेटची सगळी मशीन कोंबलेली. पुलात मशीन कितीही असोत, वाटा एखाद्या मोठ्या मशीनएवढाच मिळतो. गेटवर पावती निघेना, ट्रक हायवेपर्यंत उभे. मी मशीन बाहेर काढली आणि पूल उडवला. पुढच्या शनिवारी पुन्हा पूल. तिसऱ्या शनिवारीही तेच.

तिसऱ्या वेळी भाऊंनी लॉग, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याची नोंद, उघडला. "बघ. पुलावर नाव तुजं."

"भाऊ, मी तो काढला. केला नाही."

"हात लावल्याबिगर नाव उठतं का?" आणि सगळ्यांच्या देखत मॅनेजरना म्हणाले, "ही पोरगी सर्व्हरची वाट लावते. हिला कायम करू नका."

माझ्या प्रोबेशनचा निर्णय सोमवारी मुंबई ऑफिसातून यायचा होता. मुरबाडला घरी आई आजारी, मुंबईची नोकरी मला जमणारी नव्हती. मला अस्सा संताप आला! त्या दिवशी जेवले नाही, लॉगच वाचत बसले. पूल काढल्याच्या तिन्ही नोंदी शनिवारच्या, माझ्या. केल्याच्या तिन्ही नोंदी शुक्रवारच्या. लॉगिन भाऊंचं.

त्या महिन्यात लाइनच्या दुरुस्तीसाठी दर शुक्रवारी वीज बंद असायची. जनरेटरला चार सर्व्हर झेपत नव्हते. मग भाऊ एक सर्व्हर गेटच्या मशीनसकट क्लस्टरमधून बाहेर काढत, म्हणजे ती मशीन दुसरीकडे हलायला नकोत, आणि बाकीचे तीन बंद करत. वीज आली की तो सर्व्हर परत आत घेऊन डोळखांबला घरी जायची एसटी पकडायला धावत. आत घेताना स्क्रीन विचारते: याची मशीन सगळ्यांत मिसळू, की त्यांचा वेगळा पूल करू? भाऊ दर वेळी "वेगळा" निवडत होते. पुढचं बघायला थांबतच नव्हते.

नोंदी छापून घेतलेला कागद आधी त्यांना एकट्याला दाखवता आला असता. मला दाखवायचा नव्हता. सोमवारी मॅनेजर, दोन क्लार्क आणि वॉचमन समोर असताना मी तो मोठ्याने वाचला. तारीख, वेळ, लॉगिन, तीनदा.

भाऊंनी कागद घेऊन दोनदा वाचला. मग हळूच म्हणाले, "खळ्यावर आपली रास कोन दुसऱ्याच्यात मिसळतो? आमी चार घरं एकाच खळ्यावर झोडतो, पन राशींच्या मधी हातभर जागा ठेवतो. मला वाटलं, गेटचं गेटजवळ राऊ दे. हरवाचं नाय."

क्लार्क हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. भाऊ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता पिशवी उचलून निघून गेले.

संध्याकाळी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मॅनेजरनी तो कागद मुंबई ऑफिसला पाठवला असणार असं धरून मी त्यांचे आभार मानायला गेले.

"कागद कुठं पाठवला?" मॅनेजर म्हणाले. "तिथं कोणी लॉग वाचत नाही. भाऊंची शिफारस लागते. त्यांनी फोन करून सांगितलं, चूक माझी, पोरीनं बरोबर शोधली, तिला ठेवा. आणि स्वतःची बदली मागून घेतली, मुरबाडच्या गोदामात."

मुरबाडला सर्व्हर नाही. तिथे ते आता ट्रकमधली खोकी मोजतात. त्यांच्या खुर्चीवर मी बसते. नवीन मुलं मागे उभी राहिली तर राहू देते.

शहापूरच्या स्टँडवर संध्याकाळी मी मुरबाडच्या ज्या एसटीने घरी जाते, तिच्यातूनच ते उतरतात. एकदा दारातच गाठ पडली. मी म्हणाले, "भाऊ, माझं चुकलं."

त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "चड गो, लोकं खोळंबलीत," म्हणाले आणि डोळखांबच्या फलाटाकडे चालू लागले. त्यांची एसटी अजून लागलीसुद्धा नव्हती.