फुकट, पण कुणाचं?

लायब्ररीबाईंइतक्या मोठ्या आवाजात "मला कळलं न्हाई" म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. शाळेत न कळलेलं लपवायची रीत असते. मुलं लपवतात, त्याहून जास्त आम्ही शिक्षक लपवतो. बाई मात्र भर वर्गात, हेडसरांसमोर, एकदा तर पालकसभेतसुद्धा हात वर करून म्हणाल्या होत्या, "थांबा जरा, माझा गोंधळ झालाय." आणि त्या खरंच थांबायच्या. गोंधळ मिटेपर्यंत पुढचं पाऊल नाही.

मी पिंपळवंडीच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा बाईंच्या ताब्यात एक खोली, दोन कपाटं आणि एक संगणक होता. बाई कळंबच्या. रोज जीपनं नारायणगावला यायच्या, तिथून दुसरी जीप धरून शाळेत. पद क्लार्कचं, ग्रंथालय वरकड. कपाटात स्पर्धापरीक्षेची पुस्तकं आणि जुने दिवाळी अंक. सहावी ते आठवीच्या मुलांनी वाचावं असं काही नाही, आणि नवीन घ्यायची सोय नाही. मग बाईंनी संगणकावर जुनी पुस्तकं शोधायला सुरुवात केली.

"सातवीचं पोर म्हंजे धड लहान न्हाई, धड मोठं न्हाई," त्या म्हणायच्या. "चिऊकाऊ दिलं तर त्याला राग येतो, आन् कादंबरी दिली की झोप येती. मधलं काय तरी पायजे." हे मधलं शोधणं फार अवघड होतं. नेटवर जुनी पुस्तकं ढिगानं होती, पण कुणीतरी घाईघाईत पानं स्कॅन करून टाकलेली. कुठं पान उलटं, कुठं अक्षरांवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. एकदा 'बालकथा' नाव बघून बाईंनी चाळीस पानं छापली आणि मग बघितलं, तर आत सगळे खोकल्यावरचे काढे. वरचं पान एका पुस्तकाचं, पोट दुसऱ्याचं. बाईंनी ते काढे शांतपणे वाचून काढले आणि म्हणाल्या, "अडुळशाचं बरोबर लिवलंय."

जुन्या छपाईतले अनुस्वार हा आणखी एक घोळ. 'नाहीं', 'असें', 'केलें' असं दिसलं की मुलं ते नाकातून वाचायची. एकानं नाकात सूर लावला की अख्खा वर्ग लावायचा. "हे ठिपके कशाला देत व्हते वो, मॅडम?" बाईंनी मला विचारलं. मी व्याकरणाचं काहीतरी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मुलांना म्हणाल्या, "मॅडमना कळलंय, मला न्हाई. आपण ठिपके सोडून वाचू."

बाईंचा एक नियम मात्र पक्का होता. कुठल्यातरी प्रशिक्षणात त्यांना कळलं होतं, की लिहिणारा जाऊन साठ वर्षं झाली की त्याचं पुस्तक सगळ्यांचं होतं. मग कुठलंही पुस्तक मुलांना देण्याआधी लेखक कधी वारला हे त्या शोधायच्या. सापडलं नाही तर पुस्तक बाजूला. मी एकदा म्हटलं, "बाई, नेटवर फुकट आहे, कोण विचारणार आहे?"

"रस्त्याच्या कडंला शेळी बांधलेली आसती, मॅडम. दिसती सगळ्यांना. म्हणून काय सोडून न्यायची? फुकट येगळं, बेवारशी येगळं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आमच्या घरात पयलं पुस्तक आलं ते मागून आणलेलं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, पण पुस्तक कुणाचं हाय हे ती रोज इचारायची."

अशा शोधात त्यांना ती दीपगृहाची गोष्ट सापडली. मूळ लेखक परदेशी, जाऊन शंभराहून जास्त वर्षं झालेली. कुणीतरी ती मराठीत आणून कोकणच्या किनाऱ्यावर बसवली होती. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, बाप तापानं फणफणलेला, बाहेर वादळ. प्रस्तावनेच्या शेवटी गाव छापलं होतं, जुन्नर. ते बघून बाई खुर्चीतून उठल्याच. "आपल्या जुन्नरात बसून कुणी तरी समुद्र लिवला, बघा!"

आठ-दहा प्रती काढल्या आणि शुक्रवारच्या शेवटच्या तासाला वाचन सुरू झालं. बाई वाचायच्या, मुलं तीन-तीन डोकी एका प्रतीत घालून बसायची. एरवी घंटेआधी दप्तर भरणारी मुलं घंटा झाल्यावरही हलेनात. चौथ्या शुक्रवारी गोष्ट ऐन ठिकाणी आली. दिवा विझलाय, बाप शुद्धीवर नाही आणि लांब जहाजाचा कंदील दिसतोय.

तेवढ्यात सातवीतली सानिया उभी राहिली. "बाई, मूळ लिहिणारे वारले. पण मराठीत लिहिणारे कधी वारले?"

बाईंनी पुस्तक उलटसुलट केलं. चेहरा पडला. "मला कळलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "मराठीत लिवणारा पण लिवणाराच की. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई." आणि वाचन तिथंच थांबलं. प्रती गोळा झाल्या. मुलांनी आरडाओरडा केला, "बाई, जहाजाचं काय झालं तेवढं सांगा!" बाईंनी सांगितलं नाही. त्यांनी स्वतःही पुढचं पान उलटलं नाही, हे मला नंतर कळलं.

मला त्यांचा राग आला. मुलं कधी नव्हे ती वाचायला लागली होती. हेडसरांना तर जास्तच आला, कारण पुढच्या आठवड्यात तपासणीला साहेब येणार होते आणि सरांना हाच तास दाखवायचा होता. साहेब आले. सरांनी कौतुकानं त्यांना वर्गात आणलं. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, वाचन थांबलंय. परवानगी यायचीय." साहेबांनी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. कुणाची परवानगी, कशाची परवानगी, साहेबांना शेवटपर्यंत उमगलं नाही. ते गेले आणि सरांनी शुक्रवारचा तास गणिताला दिला.

"बाई, हे बरं झालं का?" मी जीपमध्ये विचारलं.

"तेच मला कळंना झालंय, पोरी," त्या म्हणाल्या. शाळेत मी मॅडम, जीपमध्ये पोरी. "पोरांचं वाचणं गेलं. पण कुणाचं तरी न इचारता घ्यायचं, हे पोरांना मीच कसं शिकवू?"

मराठीत लिहिणाऱ्याचं नाव पुस्तकावर होतं, पण स्कॅन करताना कड कापली गेली होती. उरलं होतं फक्त '...लगनी मास्तर'. मुलांनी त्यावरून लग्न लावणारे मास्तर अशी समजूत करून घेतली होती. एका रविवारी बाई मला घेऊन जुन्नरला गेल्या. जुन्या शाळेत कुणाला काही सांगता आलं नाही. दोन-तीन दुकानांत लोकांनी आम्ही खरंच लग्नाच्या कामासाठी आलोय असं समजून मंगल कार्यालयाचा पत्ता दिला. शेवटी बाजारपेठेत एका म्हाताऱ्या बांगडीवाल्यानं कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाला, "लगनी नाही हो. अब्दुलगनी मास्तर. त्यांची मुलगी मागच्या गल्लीत राहते. आपा म्हणतात सगळे."

आपा सत्तरीच्या पुढच्या. दारातच खाट टाकून गोधडीला टाके घालत होत्या. बाईंनी फोनवर पुस्तक दाखवून सगळं सांगितलं. पुस्तक, मुलं, साठ वर्षं, जहाज. आपांना पहिल्यांदा वाटलं आम्ही सरकारी माणसं आहोत. त्या घाबरल्या. मग समजलं तसं हातातली सुई खाली ठेवली.

"अब्बांचं पुस्तक? ते तुमच्या फोनात कसं आलं?"

"ते मला बी कळलं न्हाई, आपा," बाई म्हणाल्या.

आपांच्या घरी त्या पुस्तकाची एकही प्रत उरली नव्हती. होत्या त्या वाळवीनं खाल्ल्या. मास्तरांना जाऊन तीस वर्षं व्हायला आली होती. बाईंनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे आजून तीस वर्षं थांबायचं. तवर माझी पोरं चाळिशीपल्याड जातील."

"मी देते ना परवानगी," आपा म्हणाल्या. पण लगेच त्याच अडखळल्या. "पण मी एकटी देऊ शकते का? भाऊ आहे भिवंडीला." भावाला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मला विचार करू द्या." आम्ही तशाच परत निघालो. निघताना आपांनी बाईंचा पदर धरला. "थोडं वाचून दाखवता? माझे डोळे गेलेत आता." बाई खाटेवर बसल्या आणि फोनातून वाचायला लागल्या. तासभर वाचलं. आपा डोळे मिटून ऐकत होत्या, मधूनच ओठ हलत होते. दिवा विझला तिथं बाई थांबल्या. आपाही पुढचं सांगेनात. म्हणाल्या, "तुम्ही मुलांच्या आधी ऐकू नका."

तीन आठवडे भावाचा फोन आला नाही. शुक्रवारी गणित चालू होतं. चौथ्या शुक्रवारी दुपारी शाळेच्या फाटकाशी जीप थांबली आणि आपा उतरल्या. अंगावर इस्त्रीची साडी, हातात पिशवी. सरळ हेडसरांच्या खोलीत गेल्या. "माझ्या अब्बांची गोष्ट मुलांना सांगायला मला कुणाला विचारायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तेवढं विचारते." सर गणिताच्या वेळापत्रकाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी स्वतः उठून आपांना खुर्ची दिली.

बाईंनी शेवटची पानं न वाचताच मोठ्या अक्षरांत छापून आणली, पण आपांना त्यांची गरज पडली नाही. पानं मांडीवर ठेवून त्या तोंडपाठ सांगत गेल्या. पोरगी बापाला घोंगडीत गुंडाळते, जिना चढते, वातीला हात भाजतो, दिवा लागतो. वर्ग इतका गप्प होता, की बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या टोमॅटोच्या टेम्पोचा आवाज नकोसा झाला. बाई शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसल्या होत्या. जहाज वाचलं तेव्हा त्यांनी शेजारच्या पोराचा हात घट्ट धरला होता.

दोन दिवसांनी भिवंडीहून निरोप आला. वाचा म्हणावं, फक्त अब्बांचं नाव पूर्ण घाला. मुलांनी प्रत्येक प्रतीवर हातानं नाव लिहिलं. सरांनी तास परत दिला, का दिला ते सांगितलं नाही.

पुढं बऱ्याच महिन्यांनी माझा एक वकील मामेभाऊ भेटला. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो हसला. वर्गात शिकवताना वाचून दाखवायला अशी परवानगी लागतच नाही, म्हणाला. प्रती काढण्याचं विचारलं तर मात्र तोही डोकं खाजवायला लागला. "ते बघावं लागेल," म्हणाला. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मी भीतभीत बाईंना सांगितलं.

"आसं व्हय?" बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे साहेबांम्होरं मी उगाच उभी ऱ्हायली? उगाच जुन्नरला गेलो?"

"वाचण्यापुरतं तसंच म्हणायचं, बाई."

त्या एवढ्या हसल्या, की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. "बरं झालं बया, हे आधी कळलं न्हाई!"

निवृत्त झाल्यावर बाई दर रविवारी जुन्नरला जायला लागल्या. नवीन सापडलेली जुनी पुस्तकं फोनात भरून न्यायच्या आणि आपांना वाचून दाखवायच्या. फोनवर मला सांगायच्या, आज अमुक वाचलं, आज आपांशी भांडण झालं, पुस्तकातल्या राजाला त्या चांगला म्हणतात. मी एकदा येते म्हटलं होतं. जमलं नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. चार दिवसांचं दुखणं. कळंबला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, तिथं मी गेले. फोटोसमोर मेणबत्त्या, फुलं. वंदना नुकतीच संपली होती. नातेवाईक बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या आणि दारात आपा उभ्या होत्या. एकट्या, दोन जीप बदलून आलेल्या. घरातलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. बाईंची सून पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. "आजी, तुमी कुठल्या? आमच्या आत्यांच्या तुमी कोण लागता?"

आपांनी तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मैत्रीण म्हणावं तर ओळख म्हातारपणातली, पाहुणी म्हणावं तर तेही खरं नाही.

"आम्ही दोघी एक पुस्तक वाचत होतो," आपा म्हणाल्या. "अर्धं झालंय."

सुनेला काही कळलं नाही. तिनं एकवार त्यांच्याकडे, एकवार फोटोकडे बघितलं, आणि सतरंजीवर घरच्या बायकांच्या रांगेत त्यांना जागा करून दिली.