उजव्या कोपऱ्यातला ठिपका

सुहास परब गेल्याचं मला इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मी सालमियातल्या थिएटरच्या दारात तिकिटं तपासत होतो आणि फोनवर एकाखाली एक जोडलेले हात येत होते. त्याला दीड महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे मला कळतं... पण कुवेतमध्ये त्याच्याइतका जवळचा मित्र मला दुसरा नव्हता, आणि राग त्याचाच आहे.

याच थिएटरच्या वरच्या खोलीत आम्ही दोघे ऑपरेटर होतो. तो कुडाळचा, मी नाशिकचा. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक छोटा गोल ठिपका उमटायचा. प्रेक्षकांच्या तो लक्षातही यायचा नाही. तो दिसला की सुहासने "घे रे" म्हणायचं आणि मी दुसरं मशीन चालू करायचं. मी पुढचं रीळ लावण्यात गुंतलेला असायचो, त्यामुळे ठिपक्याकडे मी कधी बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. बघायचं काम त्याचं होतं आणि तो कधी चुकला नाही. सुट्टीला तो आमच्याकडे जेवायला यायचा. माझी मुलगी त्याच्याशी इंग्रजीत बोलायची, तो तिला मालवणीत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं मस्त जमायचं.

एकदा म्हणाला, "आवशीक बरां नाय. घराक जावन येतंय." बायकोने त्याच्या आईसाठी खजूर, बदाम आणि गुडघ्यांना लावायचं तेल बांधून दिलं. परत आला तो आमच्यासाठी कोकम घेऊन. पाकिटावर इथल्याच अब्बासियातल्या किराणा दुकानाचं लेबल तसंच होतं. "भावजी आणायला विसरले असतील, म्हणून इथूनच घेतलं," बायको हसून म्हणाली. मीही हसलो.

तो गावी गेलाच नव्हता. डिजिटल मशीन शिकायला कंपनीने त्याला शांघायला आणि तिथून कोरियात, सोल शहरात पाठवलं होतं. मला हे कळलं ते मजुरांनी आमचे दोन्ही प्रोजेक्टर जिन्यावरून खाली उतरवले त्या दिवशी. मधले कितीतरी महिने तो माझ्याबरोबर त्याच मशीनना तेल घालत होता.

"थंय रोज नवीन थेटरां उघडतत," तो खाली बघून म्हणाला. "रीळ कोणी बघूकच नाय. वरच्या खोलयेत माणूसच नसता."

"आणि मी?"

"सायबान सांगल्यान, हंय एकच माणूस रवतलो. कोणाक सांगा नको, असांय सांगल्यान."

वेळेवर कळलं असतं तर मी दुसरीकडे हातपाय मारले असते. मग मिळालेल्या दारावरच्या नोकरीच्या पगारात बायको-मुलीचा अकामा होईना, आणि राहण्याच्या त्या परवान्याशिवाय इथे राहता येत नाही. दोघी नाशिकला परतल्या. विमानतळावर मुलीने विचारलं, "बाबा, व्हेअर इज सुहासकाका?" मी अब्बासियात बॅचलरांच्या खोलीत खाट घेतली. सुहास आणि मी वर्षानुवर्षं कंपनीच्या एकाच बसने येत राहिलो, तो पुढच्या सीटवर, मी मागच्या.

तो आजारी पडल्यावर मी हॉस्पिटलात गेलो. मोसंबी सोलून दिली. वाटलं, आता तरी बोलेल... तो नवीन मशीनच्या दिव्याबद्दल बोलत राहिला. निघताना त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मला तो हात नको होता, दोन शब्द हवे होते. माझी मुलगी माझ्याशिवाय मोठी झाली, ती वर्षं हात धरून परत येत नाहीत.

शो सुरू झाला की मी दारापाशी अंधारात उभा राहतो. सिनेमा कोणताही असो, माझी नजर वर उजव्या कोपऱ्यात जाते. रीळच नाही तर ठिपका कुठून येणार, तरी जाते. तेव्हा त्याच्या भरवशावर राहून मी बघितलं नव्हतं. त्याला तो दिसला होता. फक्त "घे रे" म्हणायचं होतं.