न वाजलेला तारपा

त्याला मी एकदाच पाहिलं, बोईसरच्या एका कारखान्यात, पर्यावरण दिनाला. ज्या कारखान्याच्या नाल्याने आसपासची भातशेती जाळली, त्यानेच झाडं लावायचा समारंभ ठेवला होता! पाहुण्यांना आदिवासी संस्कृती दाखवायची म्हणून त्याच नाल्याकाठच्या पाड्यावरून या म्हाताऱ्या तारपावाल्याला जीपमध्ये घालून आणलं होतं. आम्ही पोरं फाटकाशी त्या नाल्याविरुद्धची पत्रकं वाटत होतो. कोणी घेत नव्हतं.

तो फाटकालगतच्या मांडवात उकिडवा बसला होता. दुधी भोपळ्याचा लांबलचक तारपा मांडीवर, बोटं त्याच्या भोकांवर सारखी फिरत होती, पण तोंड बंद.

"वाजव की रे बाबा! पाहुणे खोळंबलेत," कारखान्याचे साहेब खेकसले.

"भात पिकल्याबिगर तारपा नाय वाजवत, साहेब."

"जूनमध्ये कुठलं भात? पिकेल दिवाळीला. आता जरा फुंक मार!"

"गेल्या दिवाळीला बी नाय पिकला. तुमचा पाणी शेतात आला. तवापासून ह्यो मुका हाय."

पाहुणे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

म्हाताऱ्याने तारपा काखेत घेतला आणि चालत निघाला. परत सोडायला जीपचं कोणी विचारलं नाही. फाटकाशी मी म्हटलं, "वाजवायचा नव्हता, तर आलात कशाला बाबा?"

"मोठी मानसं जमली व्हती. म्हटला, सांगून येवा."

आत लाउडस्पीकरवर सिनेमातलं गाणं लागलं. टाळ्या पडल्या, रोपं लागली. नाला शेजारूनच वाहत होता, पण रोपांना पाणी घातलं ते टँकरचं.