तुंडेचं 'ए काबो'

तुंडे गेल्याचं मला बसच्या ग्रुपवर कळलं. आदल्या दिवशी शेजारी बसून मोबाइलवर टाइप करत होता तो माणूस... हार्ट अ‍ॅटॅक, खलास. चौथ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा टेक्निशियन आला. ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलं होतं, 'रिप्लेसमेंट'. रिप्लेसमेंट म्हणे!

इथे कतारमध्ये, मदिनत खलीफाहून रास लफानला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही सहा वर्षं शेजारी बसलो. मी वसईची, तो नायजेरियाचा, योरुबा. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात योरुबांविषयी धड काही नाही, जे आहे ते परक्यांनी लिहिलेलं, याचा त्याला भारी राग. म्हणून तो नवे स्वयंसेवक गोळा करायचा. कुणी पहिल्या चार ओळी लिहिल्या की त्या माणसाच्या नावाच्या पानावर, तयार मजकूर न चिकटवता, स्वतः स्वागत लिहायचा: 'ए काबो', म्हणजे या, आलात, बरं झालं. "अरे, एवढ्या वेळात एक झोप झाली असती," मी चिडवायचे. "मॅडम, आमच्यात आल्या माणसाला आधी नमस्कार, काम मग विचारायचं," तो म्हणायचा. शेवटी मलाही त्यानं ओढलंच. लेख इंग्रजीत, आणि चुका काढणं तर माझ्या हातचा मळ.

माझी नोकरी डॉक्युमेंट कंट्रोलरची. संदर्भ नसलेला कागद आला की परत पाठवायचा. तीच सवय मी तिथे नेली. एका सकाळी कुणा नव्या बाईनं निळीत कापड रंगवण्यावर लेख टाकला होता. संदर्भाच्या जागी लिहिलेलं, 'माझी आई'. मी तिच्या नावाच्या पानावर 'लेख वगळावा' अशी नोटीस ठोकली आणि वर ऐटीत तुंडेला दाखवली. "नियमानं बरोबर आहे," एवढंच म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून टाइप करत राहिला. लेख उडाला. बाई पुन्हा फिरकली नाही. मला काय त्याचं!

तो गेल्यावर महिन्याभरानं त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला, सामानाबद्दल. बोलता बोलता म्हणाली, "निळीचं मीच लिहिलं होतं. दोन वर्षं मागे लागला होता माझ्या. नंतरही दर रविवारी म्हणायचा, परत ये, ती बाई मनानं वाईट नाही..." मी सॉरी म्हटलं. दुसरं काय बोलणार, कपाळ? "आता कुणासाठी लिहू?" असं विचारून तिनं फोन ठेवला.

स्वतःची लाज वाटते, आणि त्याचाही राग येतो. बाबा रे, एकदा झाडायचं होतंस मला! तू असताना तिची माफी मागितली असती, तू मध्ये पडला असतास, ती आलीही असती.

फोननंतर मी पहिल्यांदाच तिचं पान नीट उघडलं. वर माझी नोटीस. खाली, अकरा मिनिटांनी, त्याच्या ओळी: 'ए काबो, ताई. दारातच ओरडा बसला, मनावर घेऊ नकोस. आत ये.' माझ्याच शेजारी बसून लिहिलेल्या. त्याखाली मी 'ए काबो' लिहिलं. आता रोज सकाळी बसमध्ये बसलं की ते पान उघडून बघते. माझ्या ओळीखाली अजून काही आलेलं नाही.