मिश्रीचा रकाना

उंदराची शेपटी पंचावन्न अंश गरम पाण्यात बुडवली, की उंदीर ती अडीच-तीन सेकंदांत बाहेर काढतो. मॉर्फीन टोचलेलं असेल तर सहा-सात सेकंद थांबतो. दहा सेकंद झाले की आपणच शेपटी बाहेर काढायची, नाहीतर कातडी भाजते. माझ्या नोकरीची बावीस वर्षं बरीचशी या काही सेकंदांत गेली.

मी कलबुर्गीत फार्माकॉलॉजी शिकवतो, म्हणजे औषध शरीरात जाऊन काय करतं ते. पीएचडीला मी निकोटीन आणि मॉर्फीन एकत्र घेतलं. उंदरांना काही आठवडे रोज निकोटीन द्यायचं, एके दिवशी ते अचानक बंद करायचं, आणि मग दुखणं मोजायचं. निकोटीन तोडलेले उंदीर शेपटी लवकर काढायचे. तेवढंच मॉर्फीन त्यांना कमी पुरायचं. यात मी जगाला नवं काही सांगितलं नाही. दुसऱ्यांनी पाहिलेलं आमच्या पिंजऱ्यांतही दिसलं, एवढंच. पण आकडे स्वच्छ होते. मॉर्फीन दुहेरी कुलपात असे, प्रत्येक मिलिग्रॅमला दोन सह्या. एकदा एक कुपी हातातून निसटून फुटली, तर तिच्या काचा तिघांसमोर गोळा करून मी नोंद केली होती.

आमच्या गावी, मंठाळला, या सगळ्याचा अर्थ एवढाच होता की मी उंदरांचा डॉक्टर आहे. माझी थोरली बहीण मेहकरला दिलेली. ती दर दिवाळीला विचारायची, "अजून उंदरांना तंबाखूच चारायलास का रे?"

"चारत न्हाई अक्का, टोचतो."

"मग तुझ्या भाऊजीला घेऊन जा की. टोचायची गरज न्हाई, आपल्या हातानं खातेत."

आई हसायची. तिचं बोट तेव्हा बहुधा तोंडात असायचं, कारण ती मिश्री लावत असायची. आमच्याकडच्या वाचकांना मिश्री सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, आणि ती पूड बोटावर घेऊन हिरड्यांना घासायची. भाजताना घरभर ठसका उठतो. आई ती लग्नाआधीपासून लावत होती. दात घासताना लावायची, जेवणानंतर लावायची, मधेही लावायची.

दोन वर्षांपूर्वी धुणं धुताना ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर. मी तिला कलबुर्गीला एका दवाखान्यात आणलं. भरती करताना मी फॉर्म भरत होतो, अक्का शेजारी उभी होती. वय, वजन, साखर, रक्तदाब, सगळं नीट लिहिलं. रक्तदाबाच्या गोळीचे मिलिग्रॅमसुद्धा लिहिले. खाली रकाना होता : व्यसन – तंबाखू, दारू, इतर.

मी मोठ्यानं वाचलं. अक्का उसळली. "आमच्या मायला कसलं व्यसन? कामून असलं इचारतेत बाईमाणसाला?"

मी तंबाखूपुढे 'नाही' लिहिलं. क्षणभरही थांबलो नाही. आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात, चंची त्यांच्या कमरेला असते, आणि ते व्यसन असतं. बायकांची मिश्री दंतमंजनाच्या शेजारी कोनाड्यात असते. कोणी विचारलं तर बाई म्हणते, दात घासते. घरातले सगळे तेच म्हणतात. मीही तेच म्हणत मोठा झालो होतो.

ऑपरेशन नीट झालं. भूल देणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, कन्नड बोलणाऱ्या, शांत. त्यांनी आम्हा दोघांना स्पष्ट सांगितलं. "उद्या बसवायचं, परवा उभं करायचं. पडून राहिल्या तर छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील. या वयात खरी भीती हाडाची नसते, अंथरुणाची असते."

दुसऱ्या दिवशी आई बसली नाही. पाय हलवला तरी ओरडायची. नर्सला तिनं कानडीत अशा शिव्या दिल्या, की त्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. पेज आणली ती ढकलून दिली. डॉक्टरांनी दुखण्यावर चालू असलेलं मॉर्फीन थोडं वाढवलं. आई गुंगली आणि तिचा श्वास मंद झाला. मी घड्याळ लावून मोजला, मिनिटाला अकरा. तासाभरानं नऊ. डॉक्टरांनी डोस लगेच खाली आणला. गुंगी उतरली तसं ओरडणं पुन्हा सुरू झालं. कमी दिलं तर ती उठणार नाही, आणि जास्त दिलं तर श्वासाला धोका. मी पुस्तकातून ही कोंडी अनेकदा शिकवली आहे. खाटेच्या या बाजूला बसून ती पहिल्यांदाच पाहत होतो.

अक्का म्हणाली, "मी गाणगापूरला नारळ कबूल केलाय. तू बी कायतरी कर. एवढं शिकलास."

तिसऱ्या दिवशी दुपारी फिजिओथेरपिस्ट येऊन हात हलवत परत गेले. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी शेजारी स्टुलावर. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट ओठांआड गेलं आणि हिरडीवरून फिरलं. बोट कोरडं होतं. थोड्या वेळानं पुन्हा. सवयीनं मी मोजायला लागलो. अर्ध्या तासात सात वेळा.

आठव्या वेळी मी मोजणं थांबवलं. शेवटची मिश्री तिनं पडण्याआधी लावली असणार. मी मनात तास धरले, ते नव्वदच्या पुढे गेले. ज्या प्राण्याला रोज निकोटीन मिळत होतं, त्याचं ते एकदम तोडलं होतं, आणि वर त्याचं दुखणं मॉर्फीननं आटोक्यात येत नव्हतं. हे मी किती पिंजऱ्यांत केलं होतं, त्याची वही माझ्या कपाटात होती.

"माय, मिश्री दिवसातनं किती वेळा लावतीस?"

"मोजती का मी? मोजायचं येड तुला हाय."

"तरी."

"सकाळी. जेवल्यावर. चहावर. शेजारीण आली की." तिनं मान वळवली. "आठ-दहा डाव. कामून इचारायलास? आणलीस का?"

"न्हाई आणली."

"मग जा तिकडं."

मी डॉक्टरांच्या खोलीकडे गेलो. बावीस वर्षांत मी चुकीची नोंद केली नाही असं नाही, पण केलेली चूक लपवली नव्हती. तरीही दाराशी पाय अडले. मी काय विषय शिकवतो, हे त्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "फॉर्मवर मी तंबाखू नाही असं लिहिलंय. ते चूक आहे. आई पन्नासहून जास्त वर्षं मिश्री लावते. रोज आठ ते दहा वेळा."

त्यांनी मान वर केली. "सर, इथं निम्म्या बायका 'नाही'च म्हणतात. पण तुम्ही..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. फाइल उघडून माझं 'नाही' एका रेघेनं खोडलं आणि पेन माझ्यापुढे केलं. "इथं सही करा." मग तंबाखूच्या खाली हातानं रेघ मारून त्यांनी वेगळा रकाना केला आणि त्यात लिहिलं : मिश्री.

पुढचं काही सोपं नव्हतं. हाड जुळायला निकोटीन वाईट, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी लगेच सांगितलं, आणि ते खरंच होतं. दोघांनी माझ्यासमोर दहा मिनिटं बोलून ठरवलं : कातडीतून हळूहळू निकोटीन सोडणारी सर्वांत लहान पट्टी दंडाला लावायची, थोडे दिवस, आणि श्वास मोजत राहायचं. मी मत दिलं नाही. एकदा चुकीची माहिती दिलेल्या माणसानं मत देऊ नये, असं मला वाटलं.

अक्का मात्र चिडली. "व्यसन लिवलं मायच्या नावावर? अन् आता तिला बी पट्ट्या लावून बघायलास, उंदरावानी?"

"अक्का, ती उठली न्हाई तर काय व्हतंय, ते डाक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं ना?"

तिनं पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "लाव. पर गावात सांगू नको."

त्या संध्याकाळी आई पेज प्यायली. चौथ्या दिवशी ती मॉर्फीनच्या आधीच्याच, कमी डोसवर पाय खाली सोडून बसली. मिनिटाला चौदा श्वास. हे पट्टीमुळे झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चौथ्या दिवशी दुखणं तसंही उतरतं, आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. विद्यार्थ्यानं असा निष्कर्ष लिहिला तर मी तो खोडेन. पण पहिले तीन दिवस तिनं जे सोसलं, त्यातलं काही माझ्या एका शब्दामुळे होतं, हे मी स्वतःपाशी खोडू शकलेलो नाही.

पाचव्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्टनी वॉकर पुढे ठेवला. आईनं दोन्ही मुठी आवळल्या. अक्कानं मागून धरलं, मी समोर उभा राहिलो. ती उठताना विव्हळली, पण उठली. पाय थरथरत होते. फिजिओथेरपिस्ट मोजू लागले, "ओंदु... एरडु..."

"मला येतंय मोजायला," आई म्हणाली.

खिडकीपर्यंत नऊ पावलं झाली. तिथं तिनं गज धरला आणि दम घेतला. मी खाट जवळ ओढू का, असं विचारलं.

"खुर्ची आण," ती म्हणाली. "लय निजून झालं."