मंगलताईंची मागची सीट

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता मी मंगल म्हात्रे यांना त्यांच्या मोटारसायकलवरून कायमचं खाली उतरवलं.

हात लावला नाही. एक शेरा लिहिला.

आज मंगलताईंचा तेरावा. ठाकुर्लीहून आत्ताच ठाण्याला घरी आलेय आणि साडी न बदलता लिहायला बसलेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. रिटायर झाल्यावर जुन्या मोटारसायकलींच्या आपल्या क्लबने मला परीक्षक केलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

या मेळाव्यांत गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तशीच लागते. नंतर बसवलेलं काही दिसलं की गुण वजा.

मंगलताईंचे यजमान बाळाराम म्हात्रे, त्यांची साडेतीनशे सीसीची गाडी, मूळ त्यांच्या वडिलांची. टाकीवरची सोनेरी रेघ त्यांच्या गळ्यातल्या चेनइतकी लखलखीत. चेन बघून मी नाक मुरडलं होतं, तेही सांगून टाकते.

मागच्या सीटला मात्र एक वाकवलेला पाइप होता आणि खाली रुंद पत्रा. दोन्ही वेल्डिंग केलेले.

"हे कोणी बसवलं?"

"मीच. लग्न झालं तेव्हा. हिचा डावा पाय लहानपणापासून अधू, मॅडम. धरायला पाइप, पाय ठेवायला पत्रा."

"म्हणजे कंपनीने दिलेलं नाही."

"कंपनीला माझी बायको कुठे माहीत होती?"

सगळे हसले. मी हसले नाही.

मंगलताई शेजारीच प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "यांचं काय ऐकता? तुम्ही लिहा मॅडम, असेल ते."

मी लिहिलं. वर हेही लिहिलं, की पाइपावरचं क्रोम एका जागी उडालंय. चार बोटं मावतील एवढ्या जागी.

ती बोटं कुणाची, हा प्रश्न मला पडला नाही. जन्मभर इन्स्पेक्शन केलेल्या बाईला!

तेवढ्यावरून म्हात्र्यांचा पहिला नंबर हुकला. चहाच्या वेळी मी आपण होऊन त्यांच्याकडे गेले.

"म्हात्रे, बाकी गाडी परफेक्ट आहे. तेवढं कापून टाका. पुढच्या वर्षी कप तुमचा."

मला वाटलं, मी उपकार करतेय.

त्यांनी कापलं. पुढच्या वर्षी कप मीच त्यांच्या हातात दिला.

"मंगलताई नाही आल्या?"

"गुडघा दुखतो बोलली."

मी "काळजी घ्या" म्हणाले आणि फोटोसाठी हसले.

तो फोटो याच प्रोफाइलवर आहे. वर मी लिहिलंय, 'रिस्टोरेशन असावं तर असं!' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यावर बदाम टाकलेत.

डिलीट करणार नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये चुकीला एक पट्टी बसायची आणि चूक लपवली तर दोन.

आज जेवणं उरकल्यावर मोहने गावात राहणारी मंगलताईंची बहीण माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्हीच का त्या मार्कवाल्या मॅडम?"

"हो."

"दर रविवारी यायची माझ्याकडे, गाडीवर. भावजी गाडी थेट ओट्याला लावायचे. ही सीटवरनं सरकून ओट्यावर, राणीसारखी. पाय दिसायचा नाय कुणाला. मंग यायची बंद झाली. मी बोलली, रिक्षा कर. तर बोलली, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडते. पुढं आख्खी गल्ली माझ्या पायाकडं बघत बसते."

 

म्हात्रे म्हणाले, "जाऊ दे गं, मॅडमना काय बोलतेस. मी नको बोललो होतो. तीच बोलली, तुला कप पायजे ना? मंग काप. करवत चालवली तेव्हा पाइप तिनंच धरला होता, हलू नये म्हणून."

मग ते माळ्यावर चढले आणि तो पाइप आणि पत्रा घेऊन खाली आले. जुन्या साडीत गुंडाळलेले.

"येत्या रविवारी मेळाव्याला हे लावून आणतो. मागं कोण बसणार नाय आता. पण लावून आणतो."

मी तिथूनच आपल्या क्लबच्या सेक्रेटरींना फोन केला.

"मॅडम, भावना समजतात. पण तो शेरा तुमचाच आहे. हवं तर गाडी गेटजवळ लावू, फूड स्टॉलच्या बाजूला. नुसती बघायला."

फूड स्टॉलच्या बाजूला!

सेक्रेटरी साहेब, तुमच्या नावापुढचा हिरवा ठिपका मला दिसतोय. तेव्हा नीट वाचा.

तो शेरा मी इथे, सगळ्यांसमोर, मागे घेतेय. म्हात्र्यांची गाडी पाइप आणि पत्र्यासकट परीक्षणाच्या रांगेत उभी राहील. त्या दोन वस्तूंसाठी एकही गुण कापायचा नाही. आणि झिजलेल्या क्रोमला कुणी पॉलिश सुचवायचं नाही.

नकार द्यायचा असेल तर तोही लिहून द्या, कारणासकट, सहीसकट. मग रविवारी मी परीक्षकांच्या टेबलाशी नसेन. गेटवर त्या गाडीपाशी उभी असेन. माझा आवाज तिथून टेबलापर्यंत पोचतो, हे तुम्ही जाणता.

यामुळे मंगलताई पुन्हा मोहन्याला जाणार नाहीत. कळतं मला.

मंगलताई, 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द तुमच्या नावापुढे लिहायला आज माझा हात उचलत नाही. आधी तो पाइप जागेवर लागू दे.

सेक्रेटरी साहेब, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. लेखी.