बर्फ न पाहिलेला बोर्डवाला

"नाव काढलंस की नाही, एवढंच सांग."

"काढलं नाही. खाली नेलं."

"खाली म्हणजे कुठं?"

"सातव्या नंबरला. वेटिंगवर."

"सहा जणांची बॅच. यादी करणारा तू, विमानं बघणारा तू, हॉटेलवाल्याशी हिंदीत भांडणारा तू. आणि वेटिंगवर पण तूच?"

"पेंट शॉपच्या बाळूला जायचंय गं. त्याची रजा मंजूर झालीय."

"तुझीही झालीय. मी मेल बघितलाय."

"माझा मेल तू कशाला बघतेस?"

"तू बघत नाहीस म्हणून!"

मंजुषानं कप ओट्यावर आपटला. चहा उसळून गॅसच्या शेगडीवर पडला आणि चर्र झालं. सुजितनं मान वर केली नाही. लॅपटॉपवर त्याच्या अकरा खिडक्या उघड्या होत्या आणि टेबलाखाली त्याचा डावा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा हलत होता.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. गुरुवार होता, म्हणजे सुजितच्या कंपनीला सुट्टी. मंजुषा ताथवड्याच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे, तिची दिवाळीची सुट्टी अजून दोन दिवस शिल्लक होती. नाणेकरवाडीतल्या त्या घरात नवरा-बायको दोघंही सकाळी घरी असण्याचा योग तसा दुर्मिळ. तो असा चालला होता.

सुजित चौतीस वर्षांचा. गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. हातमोजे, ड्रिल बिट, गॉगल, सेफ्टी शूज, ज्याला जे लागेल ते त्याच्या जाळीच्या खिडकीतून बाहेर जातं. त्यानं आयुष्यात बर्फ बघितलाय तो रसवंतीतला आणि मासळीवाल्याच्या पेटीतला. तरीसुद्धा स्नोबोर्ड म्हटलं की कुरुळीपासून भोसरीपर्यंतची पोरं त्याला फोन करतात.

याची सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. घरी बसून बसून बधीर झालेला असताना त्याला फोनवर एक व्हिडिओ दिसला. एक बाई एकाच फळीवर दोन्ही पाय बांधून अख्खा पांढरा डोंगर आडवी-तिडवी उतरत होती. सुजितनं तो सलग अकरा वेळा बघितला. मग गुलमर्गला हे शिकवतात हे कळलं, शिकवणारा एक गाइड फोनवर सापडला, कंपनीतली पाच पोरं जमली, 'बर्फवाले' नावाचा ग्रुप निघाला. पहिल्या फेब्रुवारीला पाचच्या पाच गेली. सुजित राहिला, कारण गावच्या यात्रेत तात्यांचा बैलगाडा पळणार होता. दुसऱ्या वर्षी स्टॉकचं ऑडिट. तिसऱ्या वर्षी मंजुषाचं अपेंडिक्स, ते मात्र खरं होतं. गेल्या वर्षी कारणच सापडेना, तेव्हा त्याला निघायच्या आदल्या दिवशी ताप आला.

दरवर्षी पोरं परत येतात, काळी पडलेली, ओठ फुटलेले, हसत. सुजित त्यांना एकेकाला खिडकीशी गाठतो. बोर्ड वळताना जड वाटला का? टाच उचलत होती का? बोर्डाच्या कडेवर उभं राहिलं की थरथर येते म्हणतात, ती कुठून सुरू होते, गुडघ्यातून की घोट्यातून? पोरं सांगतात. तो घरी येऊन लिहून ठेवतो.

"जाणार नाहीस तर निदान वाचू तरी नकोस," मंजुषा ओटा पुसत म्हणाली. "कालपासून तीन वेळा बोर्ड बदललास. कुणासाठी?"

"ऋतिकसाठी. यंदा तो स्वतःचा घेतोय. भाड्याचा नको म्हणतो. एकशे बावन्न सेंटिमीटरचा घ्यावा की एकशे छप्पन्न, ते बघतोय. लांबी वजनावरून ठरते, रुंदी बुटावरून, आणि कडकपणा..."

"माणसाच्या स्वभावावरून. पाठ झालंय मला. झोपेत पण बोलतोस."

"मग ऋतिकला मऊ लागेल. घाई करतो तो."

"आणि तुला?"

सुजितनं खिडकी बदलली. गुलमर्गचं हवामान उघडलं. शून्याच्या खाली दोन. परत बोर्डाचं पान. परत हवामान.

"तुला कोणता लागेल, विचारतेय."

"माझं काय? मी अजून..."

बाहेर बुलेट थांबली. ऋतिक दारातच बूट काढत ओरडला, "वहिनी, चहा टाका! भावा, दिला का लावून बोर्ड?"

ऋतिक प्रेस शॉपमधला. सहा फूट, भरभरून बोलणारा. त्याच्या उजव्या मनगटावर गांडुळासारखा लांब व्रण आहे. गेल्या फेब्रुवारीत चौथ्या दिवशी पडला आणि हाड मोडलं. आत प्लेट टाकून घेऊन आला आणि पंधराव्या दिवशी पुढच्या सीझनची तारीख विचारायला लागला.

"आधी भांडण संपू दे तुमचं," तो खुर्चीवर बसत म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत ऐकू येतंय राव."

"ह्याचं नाव सातव्याला गेलंय," मंजुषा म्हणाली.

"कुणाचं? सुजितभाऊचं? परत?" ऋतिक हसायला लागला. "अरे, तू काय पालखीचा भोई आहेस का, की दुसऱ्याला बसवायचं आणि आपण चालायचं?"

"तुझा पाय दे," सुजित म्हणाला.

"काय?"

"पाय. बूट बोर्डाला बांधायची बाइंडिंग मागवायचीय, मोजून घेतो." त्यानं कपाटातून स्टीलची पट्टी आणली. भिंतीलगत जमिनीवर एक कोरा कागद ठेवला. "टाच भिंतीला लाव. अंगठा दाबू नकोस. सरळ उभा राहा."

ऋतिक उभा राहिला. सुजित गुडघ्यावर बसला, अंगठ्यापुढं पेन्सिलची रेघ ओढली, मोजलं. पुन्हा मोजलं.

"दोनशे चौऱ्याहत्तर."

"बरोबर. नऊ नंबर लागतो मला."

"नऊ नाही. दहा. रजिस्टरला दहा आहे."

"कुठल्या रजिस्टरला?"

"सेफ्टी शूजच्या."

ऋतिकनं मंजुषाकडं बघितलं, मग खाली सुजितकडं. "अरे, ते सेफ्टी शूज राव! ते सगळेच एक नंबर मोठे घेतात. पुढची लोखंडी टोपी टोचते, आत दोन मोजे घालायचे असतात. तुला माहीत नाही? तूच तर देतोस."

सुजितनं पट्टी पुन्हा रेघेला लावून बघितली.

गुलमर्गच्या दुकानात बूट आणि बोर्ड आधीच राखून ठेवावे लागतात. बर्फवाल्यांची ती यादी दरवर्षी सुजितच पाठवायचा. कुणाला नंबर विचारत बसायची गरजच पडली नव्हती. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये पाचही जणांच्या सहीसकट नंबर होते. त्यानं तेच उतरवले होते. एक वर्ष नाही, चार वर्षं.

"तुम्ही बूट घालून बघितले नाहीत तिथं?" त्याचा आवाज बारीक निघाला.

"घातले की. जरा सैल वाटले. म्हटलं, थंडीत दोन मोजे लागतात, सुजितभाऊनं विचार करूनच लिहिलं असणार."

"एक सेंटिमीटर मोकळा," सुजित कागदाकडं बघत म्हणाला. "टाच आतल्या आत उचलणार. आणि बूट दहाचा म्हणून मी बोर्डही रुंद सांगितला. तो वळवायला आधीच जड. तू टाचेवर जोर टाकलास की बोर्डाला अर्ध्या सेकंदानं कळणार. तू वळायला गेलास, तो वळला नाही, आणि तू..." त्यानं ऋतिकच्या मनगटाकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"गप रे. मी मस्तीत होतो त्या दिवशी."

"नाही. मी विचारलं होतं तुला. टाच उचलते का. तू हो म्हणालास. मी लिहिलंय इथं." तो उठला, वही शोधायला लागला, सापडली तरी उघडली नाही. दारापर्यंत गेला, परत आला. "सगळ्यांनीच हो म्हटलं होतं. मला वाटलं, बर्फात उचलतच असेल. शिकताना होत असेल सगळ्यांना."

"एकदा पायात घातला असतास, तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं," मंजुषा म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

"आता तू पण सुरू हो," सुजित तिला म्हणाला.

"मी चार वर्षं सुरूच आहे. तुझं..."

मागच्या दारानं सोपानराव आत आले. सुजितचे वडील. हाताला वैरणीचा कचरा लागलेला, खांद्यावर टॉवेल. मंजुषाचा पदर आणि आवाज दोन्ही एका क्षणात जागेवर आले.

"अहो, तात्यांना खुर्ची द्या ना," ती म्हणाली.

"बसा, बसा. मी काय पावणा हाय व्हय?" सोपानराव जमिनीवरच टेकले. "बैलं आवाजानं कान टवकारून बसल्याती. काय चाललंय?"

"तात्या, तुमच्या पोरानं आम्हाला चार वर्षं मोठे बूट घालून डोंगरावरनं ढकललं," ऋतिक म्हणाला. "माझा हात त्यात गेला. आता म्हणतोय, मी नवीन फळी पण निवडतो."

"कशावरनं निवडतो?"

"लॅपटॉपवरनं."

सोपानरावांनी लॅपटॉपकडं बराच वेळ बघितलं. ओळीनं फळ्या उभ्या होत्या, कुठं वाघ, कुठं वीज, कुठं नुसता निळा रंग.

"सुज्या," ते म्हणाले, "तू एवढासा व्हतास तवा आपण म्हसोबाच्या बाजारातनं कोसा बैल आणला. ध्यानात हाय का?"

"आहे तात्या."

"भोवरा चांगला, खूर चांगला, शिंग बी झ्याक. मालक म्हणला घ्या. मी घेतला का? न्हाई. कासरा धरून आदी मी चाललो त्याच्यासंगं. मंग पळवला. फरफटत न्हेलं त्यानं मला पार चिंचेपातुर, गुडघं फुटलं. सगळा बाजार हसला. तवा कळलं, ह्यो शर्यतीच्या घाटात पळंल म्हणून." त्यांनी चहाचा कप घेतला. "फोटू बघून बैल घेणारा मानूस मी बगितला न्हाई बाबा."

"मला तुमच्यासारखं बाजारासमोर फरफटत जायचं नाही तात्या!"

ते असं मोठ्यानं निघेल असं सुजितलाच वाटलं नव्हतं. सोपानरावांनी फुर्रकन चहा ओढला.

"मला सगळं माहितीय," सुजित आता थांबेना. "कुठं वाकायचं, खांदा कुठं न्यायचा, पडताना हात मुठीत घ्यायचा. ह्या सगळ्यांना मी शिकवलंय. आणि मी तिथं जाणार, पहिल्या उतारावर तोंडावर आपटणार, आणि हे सगळे फोन काढून उभे राहणार. सुजितभाऊ पडला! बोर्डवाला पडला!"

"पडणारच आहेस," ऋतिक म्हणाला. "पहिल्या दिवशी मी चाळीस वेळा पडलो."

"सव्वीस. व्हिडिओत मोजलेत मी."

"बाकीचे चौदा, व्हिडिओ संपल्यावर." ऋतिकनं बूट घालायला घेतले, मग थांबला. "ऐक भावा. बोर्ड तूच निवडायचा माझा. दुसऱ्या कुणाला एवढं कळत नाही. पण ह्या वेळी तू आधी तिथल्या भाड्याच्या बोर्डावर उभा राहा. पाच दिवस. मग मला सांग, बावन्न की छप्पन्न. तोपर्यंत मी घेत नाही. मी पण भाड्याचाच वापरतो, नऊ नंबरचे बूट घालून."

"आणि बाळूचं काय?"

"बाळूचा मला काल फोन आला होता," मंजुषा म्हणाली. "विचारत होता, वहिनी, दादांनी मला बळंच का घातलंय? त्याला मार्चमध्ये जायचंय. मेहुणीच्या लग्नानंतर."

ऋतिक खदखदून हसला. सोपानराव टॉवेलानं तोंड पुसत उठले. "गोठ्यात काम हाय," असं स्वतःशीच म्हणाले आणि मागच्या दारानं गेले. ऋतिकनं बुलेटला किक मारली. तो आवाज हायवेच्या ट्रकांत मिसळून गेला.

टेबलावर सुजितचा फोन वाजला. गाइडचा मेसेज होता. मंजुषानं वाचून दाखवला. "भाईसाहब, बारह बजे तक फायनल लिस्ट भेज दो, दुसरी पार्टी भी पूछ रही है।" तिनं घड्याळ बघितलं. बाराला वीस कमी.

"वीस मिनिटांत काय होतंय," सुजित म्हणाला. "सगळ्यांचे नंबर नव्यानं घ्यावे लागतील. चौघांना फोन करायचे. पाय मोजायला सांगायचं. त्यात वेळ..."

"ते नंतर कळव. आज फक्त नावं मागतोय तो."

"स्टोअरला माझ्या जागी कोण बसेल? फेब्रुवारीत नवीन लाइन सुरू होतेय."

"रजा मंजूर करणाऱ्याला ठाऊक नव्हतं हे?"

"तुझं काय? तू एकटी इथं..."

"मी दहा दिवस शांत झोपेन. एकशे बावन्न, एकशे छप्पन्न ऐकावं लागणार नाही."

तिनं ऋतिकचा कागद उचलून बाजूला ठेवला. नवा कोरा कागद घेतला, भिंतीलगत जमिनीवर ठेवला. स्टीलची पट्टी हातात घेऊन ती खाली बसली.

"ठेव पाय."

"मंजू, नको. पाठवू नकोस काही."

"मी कुठं पाठवतेय? मोजतेय नुसतं. चार वर्षांत सगळ्यांचे नंबर लिहिलेस. तुझा कुठाय?"

सुजित उभा होता. एकदा मागच्या दाराकडं बघितलं, एकदा लॅपटॉपकडं. चप्पल काढली. परत घातली. मग दोन्ही चपला काढून तो भिंतीपाशी आला. टाच टेकवली. थोडी सुटली, पुन्हा टेकवली.

"हलू नकोस."

"हलत नाहीये."

"थरथरतोयस."

"घोट्यातून येतेय," तो म्हणाला. "गुडघ्यातून नाही."

मंजुषानं रेघ ओढली. पट्टी लावली. "दोनशे अठ्ठावन्न." कागदावर आकडा लिहिला, त्याच्याच पेन्सिलनं, आणि उठून त्याचा फोन हातात घेतला. अंगठे भराभर फिरू लागले.

"काय लिहितेयस?"

ती लिहीतच राहिली.

"सहाव्याला टाकलंस का? मंजू? बाळूचं नाव काढायला विसरू नकोस, नाहीतर सात होतील, मग तो गाइड आख्खी बॅच सोडून देईल. आणि बूट लिहू नकोस आत्ता, त्यांच्याकडं मिलिमीटर चालत नाही, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरचे नंबर असतात, ते मला बघू दे. ऐकतेयस का?"

भिंतीवरचं घड्याळ बाराला पाच कमी दाखवत होतं. मंजुषानं फोन ओट्यावर पालथा ठेवला. वाळत घालायच्या कपड्यांची बादली उचलली.

"पाठवलंस?" सुजित अनवाणी तिच्या मागं दोन पावलं आला. "मंजू, पाठवलंस ना? माझं नाव गेलं ना त्यात?"

बादली कमरेवर घेऊन ती दारातून बाहेर पडली आणि जिन्यानं गच्चीवर निघून गेली.